मर्ज सरळ झालं, तरी मॉडेलचे आकडे का बिघडतात?

लक्षण असं असतं. तुमच्या ब्रँचवर, म्हणजे कोडच्या तुमच्या वेगळ्या प्रतीवर, पावसापाण्याचं मॉडेल नीट चालतं, सहकाऱ्याच्या ब्रँचवरही नीट चालतं. दोन्ही मेनमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या मुख्य प्रतीत, मर्ज करता (एकत्र आणता). कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट कुठेही कॉन्फ्लिक्ट (दोन बदलांची टक्कर) दाखवत नाही, कोड कंपाईल होतो, रन पूर्ण होतो. आणि निकाल उघडून बघता तर अपधाव (जमिनीत न मुरता वाहून जाणारं पाणी) दोघांच्याही आकड्यांच्या वर गेलेला असतो. चूक कुणाच्याच ब्रँचवर सापडत नाही, म्हणून दोन दिवस एकमेकांचा कोड वाचण्यात जातात.

आमचं मॉडेल मांजरा खोऱ्याच्या वरच्या भागाचं आहे, धनेगावच्या धरणापर्यंतचं. रोजचा पाऊस, जमिनीतली ओल, पिकाने घेतलेलं पाणी आणि नाल्यात उतरणारं पाणी असा साधा हिशेब आहे. मी परभणीत बसतो, एक विद्यार्थी लातूरला, एक मॅडम नांदेडला. तिघांच्या तीन ब्रँच वर्षभर चालायच्या आणि मृगाच्या आधी सगळं मेनमध्ये आणायची घाई व्हायची. वरची अडचण आम्हाला दर वेळी त्याच घाईत आली आहे. म्हणून ती शोधायची कशी आणि परत येऊ नये म्हणून काय केलं, ते सविस्तर लिहितो. कमांड देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये टाकताना नेहमीच्या स्पेलिंगने टाका.

लातूरहून फोन आला तो प्रश्न जसाच्या तसा सांगतो: "सर, मर्ज तर सरळ निघालं, कुठंच अडलं नाही. मग आकडे कशामुळं पळायलेत?"

गिट ओळी जुळवतं. दोन ब्रँचनी वेगवेगळ्या ओळी बदलल्या असतील तर दोन्ही बदल घेऊन पुढं जातं. त्या ओळींमध्ये एकच समीकरण दोन बाजूंनी दुरुस्त झालंय का, हे त्याला कळायचा मार्गच नाही. कॉन्फ्लिक्ट न येणं म्हणजे दोघांनी एकाच ओळीत किंवा अगदी शेजारच्या ओळींत वेगवेगळे बदल केलेले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. मॉडेल बरोबर आहे असा अर्थ त्यातून काढू नका.

आधी जुन्या फाईली बाजूला करा

खऱ्या तपासाला लागण्याआधी हे दहा मिनिटांत उरकून घ्या. ब्रँच बदलली की गिट फक्त त्याच्या नोंदीतल्या फाईली बदलतं. गिटइग्नोरमध्ये (गिटने लक्ष देऊ नये अशा फाईलींच्या यादीत) टाकलेलं सगळं जागच्या जागी राहतं: कंपाईल केलेल्या ऑब्जेक्ट फाईली, आधीच्या रनचे निकाल, आणि सगळ्यात फसवी म्हणजे पावसाची तयार करून ठेवलेली ग्रिड (खोऱ्याच्या चौकटी-चौकटीचा पाऊस). महसूल मंडळांच्या पर्जन्यमापकांवरून ती ग्रिड बनवायला वेळ लागतो, म्हणून आम्ही ती साठवून ठेवायचो. मॉडेलला ती फाईल दिसली की ते नवी बनवत नव्हतं. म्हणजे कोड एका ब्रँचचा आणि पाऊस दुसऱ्या ब्रँचचा.

'गिट स्टेटस --इग्नोर्ड' दिल्यावर अशा फाईलींची यादी दिसते. त्या पुसायला 'गिट क्लीन -एफएक्स' आहे (एक्स कॅपिटल, लहान एक्स दिला तर नोंदीत नसलेल्या बाकीच्या फाईलीही जातात), पण त्याआधी तसाच कॅपिटल एक्स वापरून 'गिट क्लीन -एनएक्स' देऊन काय काय पुसलं जाणार ते वाचा. या फाईली गिटमध्ये कुठेच नसतात, एकदा गेल्या की गिटमधून परत मिळत नाहीत. मोजणीची मूळ फाईल कुणी इग्नोरमध्ये टाकून ठेवली असेल तर ती कायमची गेली.

चार रन

जुन्या फाईलींचा दोष नसेल तर माझी पद्धत ठरलेली आहे. एकच पाऊस घेऊन मॉडेल चार ठिकाणी चालवायचं: दोन ब्रँच जिथून फुटल्या तो कमिट (कोडची गिटमध्ये नोंदवलेली स्थिती), पहिली ब्रँच, दुसरी ब्रँच आणि मर्ज झालेला मेन. फाटा कुठं फुटला ते 'गिट मर्ज-बेस' सांगतं. त्यापुढं दोन्ही ब्रँचची नावं द्यायची. मर्ज आधीच झालं असेल तर मेनच्या जागी मर्जच्या आधीचा मेनवरचा कमिट द्या, नाहीतर उत्तर म्हणून तुमच्याच ब्रँचचं टोक मिळेल.

चार वेळा ब्रँच बदलत बसू नका. त्यात पुन्हा जुन्या फाईलींचाच घोळ होतो, आणि लांबलचक रन चालू असताना फोल्डरला हात लावता येत नाही. 'गिट वर्कट्री ॲड' वापरा. एकाच रेपोची (प्रकल्पाच्या गिट साठ्याची) चार वेगळी फोल्डरं तयार होतात, प्रत्येकात आपापला कमिट, आपापलं कंपाईल, आपापले निकाल. चारही रन शेजारी-शेजारी चालतात. काम झालं की 'गिट वर्कट्री रिमूव्ह'.

आता चार आकडे कागदावर मांडा. फाट्यापासून पहिल्या ब्रँचने किती वाढवलं, दुसरीने किती वाढवलं, आणि मर्जमध्ये किती वाढलं. मर्जमधली वाढ साधारण दोघींच्या बेरजेच्या आसपास असेल तर गिटने त्याचं काम चोख केलंय आणि घोळ तुमच्या दोघांच्या विचारात आहे. मर्जचा आकडा बेरजेशी काहीच नातं सांगत नसेल तर मर्ज कमिटमध्येच काहीतरी हरवलंय. पुढचे दोन भाग या दोन शक्यतांवर आहेत.

एकाच वाफ्याला दोघांनी पाणी सोडलं

अपधावासाठी आम्ही कर्व्ह नंबर पद्धत वापरतो. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागातून आलेली ही जुनी पद्धत आहे आणि आपल्याकडं पाणलोटाच्या कामात सर्रास वापरली जाते. जमीन, पीक आणि मशागत बघून एक नंबर ठरतो, त्याला सीएन म्हणू. त्यावरून जमिनीची पाणी मुरवण्याची कमाल ताकद निघते: एस बरोबर २५४०० भागिले सीएन, वजा २५४, सगळं मिलिमीटरमध्ये. पाऊस सुरू झाल्यावर पानांवर, खळग्यांत आणि कोरड्या मातीत जे पाणी आधी अडतं ते म्हणजे सुरुवातीची धारणा, आणि ती एसच्या ठराविक पटीत धरतात. मूळ पद्धतीत ही पट ०.२ आहे. आपल्याकडच्या शिफारशींत काळ्या जमिनीसाठी, माती आधीच ओली असताना, ०.१ धरतात. पावसातून धारणा वजा करायची, त्याचा वर्ग करायचा, आणि त्याच वजाबाकीत एस मिळवून भागायचं. आला अपधाव.

आमची तक्रार अशी होती की नाल्यावरच्या मोजणीपेक्षा मॉडेल पाणी कमी दाखवतं. लातूरच्या विद्यार्थ्याने समीकरणाच्या फाईलीत ०.२ चं ०.१ केलं, काळ्या जमिनीसाठी ते योग्यच होतं. नांदेडच्या मॅडमनी त्याच तक्रारीवर पॅरामीटरच्या फाईलीत सीएन ८० चा ८५ केला. त्यांच्याकडच्या मोजणीशी ते जुळत होतं, तेही योग्यच. फाईली दोन, ओळी दोन, कॉन्फ्लिक्ट शून्य. धाकट्या भावाने विहिरीवरून पाणी सोडलं, थोरल्याने त्याच वाफ्याला कॅनॉलवरून सोडलं, आणि सकाळी पीक बुडालेलं, असा प्रकार.

आकडे बघा. ६० मि.मी. पाऊस धरला तर फाट्यावर अपधाव २०.२ मि.मी. येतो. फक्त ०.१ केल्यावर २४.६. फक्त सीएन ८५ केल्यावर २७.२. दोन्ही एकत्र केल्यावर ३०.७. वाढी अनुक्रमे ४.४, ७.० आणि १०.५. म्हणजे बेरजेच्या जवळपास, गिट निर्दोष.

खरी जखम लहान पावसात दिसते. २५ मि.मी. पावसाला फाट्यावर २.० मि.मी. अपधाव होता. दोन्ही ब्रँच वेगवेगळ्या वाटेने ४.२ वर पोचल्या होत्या. मर्जमध्ये तो ६.४ झाला, म्हणजे मुळापेक्षा तिपटीहून जास्त. आपल्याकडं हंगामात मोठे पाऊस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात, बाकी बहुतेक असेच वीस-पंचवीसचे किंवा त्याहून लहान. जमिनीत किती ओल राहिली आणि पावसाच्या खंडात सोयाबीन किती दिवस तग धरेल, हे याच लहान पावसांवर ठरतं. त्यांचा अपधाव तिप्पट दाखवला की मॉडेल शेतातली ओल खोटी कमी दाखवतं.

हे टेस्टमध्ये का सापडलं नाही? मॅडम म्हणाल्या, "अहो, पण माझ्या ब्रँचवर सगळ्या टेस्ट पास आहेत." होत्याच. आमच्याकडं दोनच टेस्ट होत्या. एक पाण्याचा ताळेबंद: आलेला पाऊस बरोबर वाहून गेलेलं, उडून गेलेलं, खाली मुरलेलं आणि साठ्यात वाढलेलं. अपधाव जास्त झाला की मुरणं तेवढंच कमी होतं आणि ताळेबंद अगदी नीट जुळतो. दुसरी टेस्ट नॅश-सटक्लिफ गुणांकाची, म्हणजे मॉडेलचा प्रवाह मोजलेल्या प्रवाहाशी किती जुळतो याची. त्यात दोन्हींमधल्या फरकाचा वर्ग होतो, त्यामुळे मोठ्या पुरांचं पारडं जड राहतं आणि लहान पावसांची चूक त्याखाली झाकली जाते. दोन्ही टेस्ट चांगल्या आहेत, ठेवाच, पण या आजारावर त्या चालत नाहीत.

याच जातीचं दुसरं उदाहरण तारखेचं. हवामान खात्याच्या पद्धतीत पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि मागच्या चोवीस तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेवर लिहितात. एकाने डेटा वाचतानाच तारीख एक दिवस मागं घेतली, दुसऱ्याने मॉडेलला देताना मागं घेतली. मर्ज सरळ, आणि मॉडेलमध्ये नाल्याला पूर प्रत्यक्षापेक्षा एक दिवस आधी. तुमच्याकडं पुराचं शिखर अचानक सरकलं असेल तर पहिल्यांदा इथंच बघा.

कॉन्फ्लिक्ट सोडवताना अट निसटली

दुसरी शक्यता आधीच्या एका वर्षी आली होती, तेव्हा पट अजून ०.२ च होती आणि सीएन ८०. मर्जनंतर जमिनीतली ओल एप्रिल-मेमध्ये शून्याच्या खाली जायला लागली. 

कर्व्ह नंबरच्या सूत्राला एक अट लागते: पाऊस धारणेपेक्षा जास्त असेल तरच सूत्र लावा, नाहीतर अपधाव शून्य. ही अट गेली तर काय होतं ते स्वतः करून बघा. पाऊस शून्य, धारणा १२.७. वजा १२.७ चा वर्ग केला की वजा चिन्ह पुसलं जातं, आणि उत्तर येतं ३.२ मि.मी. एक थेंब न पडता रोज सव्वातीन मिलिमीटर पाणी नाल्यात. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या भागाच्या मॉडेलमध्ये भर उन्हाळ्यात नाले वाहत होते. ही आकडेमोड पुढं कुणाच्या तरी पाण्याच्या नियोजनात जाणार असते, म्हणून ते बघून मला झोप लागली नव्हती.

अट हरवली कशी? एका ब्रँचवर ती सूत्राच्या फंक्शनमधून काढून रोजच्या लूपमध्ये नेली होती, जिथून फंक्शन बोलावलं जातं तिथं. दरम्यान मेनवर लूप नव्याने लिहिला गेला होता आणि त्यात अट ठेवायची गरज नव्हती, कारण मेनवरच्या फंक्शनमध्ये ती होतीच. मर्ज करताना दोन्ही जागी कॉन्फ्लिक्ट आला. फंक्शनच्या जागी 'आलेलं स्वीकारा' दाबलं, लूपच्या जागी 'आपलं ठेवा' दाबलं. दोन्ही बटणं एकेकटी बघितली तर बरोबर. अट मात्र दोन्हींच्या मधून खाली पडली.

इथं दोन उपाय आहेत. पहिला, 'गिट कॉन्फिग --ग्लोबल मर्ज.कॉन्फ्लिक्टस्टाईल डिफ३'. यानंतर कॉन्फ्लिक्टच्या खुणांमध्ये आपलं आणि त्यांचं यांच्या मधोमध फाट्यावरचं मूळ रूपही दिसतं. मुळात अट होती हे समोर दिसलं की ती गेली कुठं हा प्रश्न आपोआप पडतो. हे सेटिंग मी गटातल्या प्रत्येकाच्या मशीनवर स्वतः बसून लावून दिलंय. दुसरा उपाय झालेल्या मर्जसाठी: नव्या गिटमध्ये 'गिट शो --रिमर्ज-डिफ' आणि मर्ज कमिटचा नंबर द्या. गिट तेच मर्ज मनातल्या मनात परत करतं आणि माणसाने हाताने काय बदललं तेवढंच दाखवतं. वीस फाईलींच्या मर्जमध्ये शोधायच्या ओळी पाच-सहाच उरतात.

गिटला मुद्दाम अडवा

आता कायमचा उपाय. आमचा रोग असा होता की जिथं विचार अडायला हवा तिथं गिट अडत नव्हतं. म्हणून आम्ही त्याला अडायला लावलं.

रेपोच्या मुळाशी एक छोटी फाईल ठेवली, कॅलिब्रेशन नावाची. तिच्यात एकच ओळ. त्या ओळीत धारणेची पट, सीएन तक्त्याची खूण, पावसाच्या तारखेची पद्धत, आणि १०, २५ व ६० मि.मी. पावसाला येणारे अपधावाचे तीन आकडे. नियम एवढाच की समीकरण, पॅरामीटर किंवा डेटा वाचण्याच्या कोडला हात लावला तर ही ओळही त्याच कमिटमध्ये बदलायची. दोघांनी वेगवेगळ्या ब्रँचवर काहीही बदललं तरी ही ओळ दोघांचीही बदलते, आणि दोघांची नवी ओळ हुबेहूब सारखी नसेल तर मर्ज करताना तिथं कॉन्फ्लिक्ट येणारच. तो कॉन्फ्लिक्ट बटण दाबून सोडवता येत नाही, कारण दोन्हींपैकी कुठलीच ओळ मर्ज झालेल्या मॉडेलची नसते. मर्ज करणाऱ्याला मॉडेल चालवून तीन नवे आकडे काढून लिहावे लागतात. आकडे लिहिताना ६.४ दिसलं की हात थांबतो आणि फोन उचलला जातो.

माणूस नियम विसरतो, म्हणून एक टेस्टही लावली. ती तिन्ही पावसांवर मॉडेल चालवते आणि ओळीतल्या आकड्यांशी ताडते. ओळ न बदलता कुणी समीकरण बदललं तर टेस्ट पडते. शून्य पावसाला शून्य अपधाव, ही तपासणी त्याच टेस्टमध्ये जोडली. सगळं मिळून काही सेकंदांचं काम आहे, पूर्ण हंगामाच्या रनची वाट बघावी लागत नाही. आणि ही टेस्ट ब्रँचवर पास झाली म्हणून भागत नाही, मर्ज झाल्यावर, पुश करायच्या (सगळ्यांच्या साठ्यावर पाठवायच्या) आधी परत चालवायची.

याच्या जोडीला ब्रँचचं आयुष्य कमी करा. वर्षभर एकट्याने वाढवलेली ब्रँच मेनवर आणणं म्हणजे बिनमोजणीच्या दोन गटांचा बांध ठरवणं. आम्ही आता एका बदलाला एक ब्रँच करतो, तिच्या नावातच तक्रार लिहितो, आणि आठवड्याला मेन आपल्या ब्रँचमध्ये मर्ज करून घेतो. नावात तक्रार लिहिण्याचा फायदा लगेच झाला. 'गिट ब्रँच --ऑल' दिल्यावर नावात 'अपधाव-कमी' असलेल्या दोन ब्रँच शेजारी दिसल्या की कुणीतरी विचारतंच, आपण दोघं एकच दुखणं बरं करतोय का?

सगळीच फाईल लाल दिसते तेव्हा

हे वेगळं दुखणं आहे पण नेहमी याच गोंधळात मिसळतं. एकच आकडा बदललेला असतो आणि डिफमध्ये (दोन रूपांतला फरक दाखवणाऱ्या यादीत) फाईलीच्या सगळ्या ओळी बदललेल्या दिसतात. एकजण विंडोजवर, दुसरा लिनक्सवर, आणि ओळीच्या शेवटची खूण दोघांकडं वेगळी. रेपोमध्ये गिटॲट्रिब्यूट्स फाईल करून त्यात तारका, मग जागा सोडून टेक्स्ट बरोबर ऑटो लिहा, मग 'गिट ॲड --रिनॉर्मलाईज' आणि जागा सोडून एक टिंब देऊन एकदाच कमिट करा. हे काम सगळ्या ब्रँच मर्ज झालेल्या असतानाच करा, नाहीतर उघड्या ब्रँचवर पुन्हा तोच लाल पूर येतो. ज्युपिटर नोटबुक कमिट करण्याआधी आउटपुट पुसा, आलेख आणि सेलचे नंबर बदलले की तिथं विनाकारण कॉन्फ्लिक्ट उभे राहतात.

बिघडलेलं मर्ज आधीच पुश झालं असेल तर

बाकीच्यांनी ते पुल केलं (आपल्याकडं ओढून घेतलं) असेल, म्हणून फोर्स पुशच्या (जबरदस्तीने इतिहास बदलण्याच्या) वाटेला जाऊ नका. 'गिट रिव्हर्ट -एम १' आणि पुढं मर्ज कमिटचा नंबर द्या. एम १ म्हणजे पहिली वाट, मेनची, ती ठेवा आणि दुसऱ्या वाटेने आलेलं उलटवा. मेन पूर्ववत होतो, इतिहास शाबूत राहतो.

यात एक खड्डा आहे आणि आम्ही त्यात पडलो. रिव्हर्ट केल्यावर विद्यार्थ्याने आपली ब्रँच दुरुस्त केली आणि परत मर्ज केली. मर्ज झालं, पण मेनवर फक्त नवी दुरुस्ती आली, मूळ ०.१ चा बदल आलाच नाही. कारण गिटच्या लेखी ते जुने कमिट मेनमध्ये आधीच पोचलेले आहेत, रिव्हर्टने फक्त त्यांचा परिणाम उलटवला. अशा वेळी आधी त्या रिव्हर्टलाच रिव्हर्ट करायचं आणि मग दुरुस्त ब्रँच मर्ज करायची.

तसंच केलं. कॅलिब्रेशनच्या ओळीवर कॉन्फ्लिक्ट आला, तिघं फोनवर बसलो. पट ०.१ ठेवून सीएन ८२ धरला तर ६० च्या पावसाला २६.९ येत होतं, मॅडमच्या २७.२ च्या अगदी जवळ. पण २५ च्या पावसाला ५.० येत होतं आणि त्यांचं होतं ४.२. एका पावसावर नंबर बसवून भागणार नाही हे तिथंच कळलं. मॅडमनी सगळ्या हंगामांवर सीएनचा तक्ता नव्याने बसवायला घेतला. तोवर मेनवर ०.१ आणि ८० आहे, ओळीत २५ समोर ४.२ लिहिलेलं आहे, आणि त्यांची नवी ब्रँच 'सीएन-फेरमांडणी' नावाने उघडी आहे.